मी सोडवलेली दारू

दारूडा माणूस मला शंभर पावलांवरून ओळखू येतो, असं मी छाती ठोकून सांगायचे. आणि का सांगू नये? अकरा वर्षं मी एका दारूड्याबरोबर संसार केला होता. संध्याकाळी नवरा गल्लीच्या तोंडाशी दिसला की त्याचा पाय कसा पडतोय यावरून मला कळायचं, आज जेवण होणार की ताट भिरकावलं जाणार. लिव्हर खलास होऊन तो गेला तेव्हा मी रडले कमी आणि झोपले जास्त. मग मात्र मी दारूच्या अशी हात धुऊन मागे लागले की विचारू नका. राहायला लातूरला, नोकरी अंगणवाडीच्या सुपरवायझरची, गावं निलंगा तालुक्यातली. पोरांची वजनं तपासायला गावात गेले की बायका गोळा करायचे आणि दारूबंदीवर बोलायचे. दुकान बंद करायच्या मतदानासाठी दोन गावांत घरोघर फिरून सह्या मी गोळा केल्या. एका पुढाऱ्याच्या भावाला तर भर चौकात असा झापला की तो गाडीवरून उतरून उभा राहिला. “म्याडम आल्या, आता बघा,” असं बायका म्हणायच्या आणि मला ते लई गोड लागायचं.

माझी एक पद्धत होती. पिणाऱ्या माणसाला त्याच्याच लोकांपुढं उभं करायचं आणि त्याच्या तोंडून शपथ वदवून घ्यायची. घरात दिलेली शपथ माणूस घरातच मोडतो, चारचौघांत दिलेली मोडायला जड जाते, हा माझा अनुभव. पाच-सहा जणांची दारू मी अशी खरंच सोडवली होती. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. माझ्या डोक्यात काय भरलं होतं ते कळावं म्हणून सांगतेय, कारण पुढं जे मी केलं त्याला दुसरं काही कारण नाही.

माझे वडील नांदेडला. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं. पण वस्तीत त्यांना कारकून म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते लग्नं लावायचे. आमच्या बौद्धांच्या लग्नात भटजी नसतो. वस्तीतलाच एखादा शिकलेला, नीट वागणुकीचा माणूस पांढरे कपडे घालून उभा राहतो, नवरा-नवरीकडून पंचशील म्हणवून घेतो, प्रतिज्ञा म्हणवून घेतो, आणि मग फुलं पडतात. बाबांनी चाळीस वर्षं हे काम केलं. त्याला अट एकच, आणि ती कुठं लिहिलेली नाही: दुसऱ्याला शील देणाऱ्यानं ते स्वतः पाळलेलं पाहिजे. पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. तिथं आलं की बाबा थोडे थांबायचे आणि नवरदेवाकडे असे बघायचे की मागच्या रांगेतली त्याची दोस्तमंडळी खाली मान घालायची. आवाज इतका खणखणीत की त्यांना माईक लागायचा नाही. आई असताना ती म्हणायची, “घरात एवढा आवाज कधी काढत न्हाईत, सगळा मांडवासाठी ठेवतेत.” ते खरंच होतं. आईशी चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आई गेल्यावर बाबा भावाकडेच होते. भाऊ धर्माबादला नोकरीला, सकाळच्या गाडीनं जातो आणि दिवेलागणीनंतर येतो. घरात बाबा, वहिनी आणि लग्नाला आलेली माझी भाची. एक दिवस वहिनीचा फोन आला.

“ताई, बाबांचं कायतरी बिघडलंय. पाय घासत चालायलेत. परवा भाजी आणताना अशी झोकांडी गेली, नालीत पडता पडता वाचले. बोललेलं समजत न्हाई. हात थरथरायलाय.”

“कधी? संध्याकाळी?”

“हाव, संध्याकाळी जास्त.”

“वास येतो का?”

वहिनी म्हणाली, “कशाचा?”

तिला खरंच कळलं नव्हतं. मला मात्र सगळं कळलं होतं. दारू म्हटल्यावर ती म्हणाली, “बाबा? काहीतरीच काय ताई!” मी तिला तिथंच गप्प केलं. म्हटलं, तुला काय माहीत, तुझा नवरा सुपारीसुद्धा खात नाही, मला विचार. बाई गरीब, पुढं काही बोलली नाही. डॉक्टरला दाखवू या का, एवढं मात्र तिनं विचारलं होतं. हे मला चांगलं आठवतं. दारूला डॉक्टर काय करणार, असं मी म्हणाले होते.

शनिवारी मी नांदेडला गेले. पूर्वी मी दारात दिसले की बाबा उठून उभे राहायचे आणि “आली का आमची फौजदारीण” म्हणून हसायचे. त्या दिवशी खुर्चीत बसून राहिले. चेहरा कोरा. मी आल्याचा आनंद नाही की काही नाही, पापणीसुद्धा हलत नव्हती. मी म्हटलं, बरोबर आहे, पकडला गेलेला माणूस असाच बसतो. टेबलावर विहारातलं लग्नाचं रजिस्टर होतं, लिहायला घरी आणलेलं, ते चाळलं. ओळीची सुरुवात बरी असायची आणि पुढं अक्षर बारीक बारीक होत जायचं, शेवटी मुंग्या चालल्यासारखं. ते अक्षर बघून तरी कुणालाही शंका आली असती की हे काही वेगळंच आहे. मला नाही आली. मी म्हटलं, नशेत लिहिलंय.

बाबा आंघोळीला गेले तसं मी त्यांचं कपाट उघडलं. नवऱ्याच्या वेळेपासून ही सवय. कुठं हात घालायचा ते मला कुणी सांगावं लागत नाही. लग्नाला घालायच्या पांढऱ्या कपड्यांखाली, पेपरात गुंडाळलेली चपटी बाटली होती, बिनलेबलाची. बूच काढून वास घेतला आणि माझं डोकं सणकलं.

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, बाटली बघितली आणि उभे राहिले.

“हे काय आहे?”

“औषध हाय. हाताला कंप सुटलाय ना. वैद्याकडून आणलंय, आंबवलेलं आसव हाय ते.”

“औषध असतं तर टेबलावर ठेवलं असतं. कपड्याखाली कामून?”

“लोकांपुढं हात थरथरतो, माय. लाज वाटते.”

एवढं सरळ उत्तर दिलं होतं माणसानं. सत्तरी ओलांडलेला बाप, ओल्या अंगानं उभा, आपल्या लेकीला सांगतोय की हात थरथरतो याची लाज वाटते. आणि माझ्या कानात काय शिरलं? फक्त ‘लाज वाटते’. माझा नवराही औषधच म्हणायचा. मी बाटली मोरीत ओतली आणि वर पाणी टाकलं. बाबा बघत राहिले. त्यांनी मला अडवलं नाही, म्हणून माझी आणखीच खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी वस्तीतली बरीच माणसं विहारात वंदनेला येतात. मी बाबांना घेऊन गेले. त्यांना वाटलं असेल, लेक किती दिवसांनी वंदनेला येतेय. वंदना झाली आणि माणसं उठायच्या आत मी उभी राहिले. मला बोलायची सवयच होती, शब्द अडत नव्हते. मी म्हणाले, “दोन मिनिटं थांबा. माझ्या बापानं शील मोडलंय. मला सांगताना वाईट वाटतंय, पण झाकून ठेवलं तर मी गावोगाव कुठल्या तोंडानं बोलू? आज ते तुमच्यासमोर पाचवं शील पुन्हा घेतील.”

मी बाबांना पुढं बोलावलं. ते उठले खरे, पण दोन पावलं टाकून सतरंजीच्या काठाशी अडले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. येतच नव्हते पुढं. मी जाऊन दंडाला धरलं. धरलं कसलं, ओढलं. भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींपुढं त्यांना उभं केलं आणि म्हटलं, म्हणा.

ते म्हणाले. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही.

“मोठ्यानं म्हणा.”

पुन्हा तसंच. घशातल्या घशात काहीतरी.

“मोठ्यानं, बाबा. लग्नात तर माईक लागत नाही तुम्हाला.”

हे मी बोलले. हेच शब्द. तिसऱ्या वेळेला त्यांनी मान वर केली, गळ्याच्या शिरा फुगल्या, अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला आणि चिरकलेल्या आवाजात कसंबसं ते शील म्हटलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडली. मी पुसलीसुद्धा नाही. मला वाटत होतं, ही सगळी नशेची करामत आहे आणि लोकांनी ती बघितली ते बरंच झालं.

मग बाबा लोकांकडे वळले. वळायलाही त्यांना चार-पाच बारीक पावलं टाकावी लागली. म्हणाले, “आजपासून पिणार न्हाई.” आणि विहारातल्या कपाटाची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, रजिस्टर एरवी त्या कपाटात असायचं. “शील मोडलेल्या माणसानं लग्नं लावू नयेत,” म्हणाले. कुणी काही बोललं नाही. लोक बाबांमुळं सुन्न झालेत असं मी समजले. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, ते आनंदाचं. बापाला वाचवलं म्हणून. थू माझ्या जिंदगीवर.

चार महिन्यांनी भाचीचं लग्न झालं. आपल्या नातीचं लग्न आपण लावायचं हे बाबांनी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं, घरात सगळ्यांना ते पाठ होतं. भाची वहिनीजवळ हट्ट करून रडली, पण बाबांनीच नाही म्हटलं. परभणीहून एक जण आले लग्न लावायला, चांगले होते, माईकवर बोलले. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. पंचशील सुरू झालं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. मी शेजारीच बसले होते आणि त्यांचा उजवा हात थरथरतोय तो लोकांना दिसू नये म्हणून त्यावर माझी ओढणी टाकली. अजून लपून पितायत की काय, असा विचार माझ्या मनात त्याही वेळेला आला होता. खोटं कशाला सांगू.

त्यानंतर पावसाळ्यात बाबा मोरीत पडले आणि कपाळाला टाके पडले. वारंवार पडायला लागले तसं भावानं त्यांना माझ्याकडे लातूरला आणलं, कारण माझ्या ऑफिसातल्या एका बाईनं मेंदू आणि नसांच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं होतं. डॉक्टर तरुण होता, शांत. त्यानं बाबांना बोटं चिमटीसारखी उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर एक वाक्य लिहून घेतलं. मग सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, “आजोबा, दारू, तंबाखू काही?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरकडे बघून म्हणाले, “पीत होतो. सोडली. पोरीनं सोडवली.”

डॉक्टरनं लिहिता लिहिता विचारलं, “किती प्यायचात?”

बाबा अडले. “एक... एक बाटली.”

“कशाची? देशी, इंग्लिश?”

बाबांना ते काही कळेना. बराच विचार करून म्हणाले, “पांढरी.”

“रोज?”

“रविवारी न्हाई.” आणि थोडं थांबून, “रविवारी वंदना असते.”

तिथं मला कळलं. पाच-सहा जणांची दारू सोडवलेली मी, अकरा वर्षं नवऱ्याच्या बाटल्या मोजलेली मी. पिणारा माणूस कमी सांगतो, वेळ बदलतो, नाव बदलतो, पण त्याला सगळं माहीत असतं. ह्या माणसाला दारू कशी असते तेच माहीत नव्हतं. आपल्या लेकीनं ज्या गोष्टीचा आरोप केला ती गोष्ट तो अंदाजानं सांगत होता, शाळेत धडा न वाचता आलेल्या पोरासारखा. मी म्हणाले, “डॉक्टर, ते लिहू नका. खोडा. त्यांनी कधीच घेतलेली नाही.”

“मग ते असं का म्हणतायत?”

“मी म्हणायला लावलं.”

डॉक्टरनं पेन ठेवलं. त्याला काही फार समजलं नसावं, पण त्यानं जास्त खोदलं नाही. म्हणाला, बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी उगाच वेगळ्या दिशेला गेलो असतो. मग त्यानं आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू निकामी होतात आणि अंगाच्या हालचालींवरचा ताबा सुटत जातो, म्हणाला. तीन-चार वर्षं तरी झाली असावीत सुरू होऊन. चेहरा हलत नाही त्याला ते काही करू शकत नाहीत, आतून त्यांना सगळं वाटत असतं. उंबऱ्याशी, सतरंजीच्या काठाशी पाय अडतात तेव्हा ओढायचं नाही, थांबायचं. आणि आवाज बसतो. “कितीही जोर लावला तरी मोठा निघत नाही. घरच्यांना वाटतं मुद्दाम हळू बोलतायत.”

मी मान डोलवत होते. मला त्या खोलीतून उठून कुठंतरी तोंड लपवावं असं वाटत होतं, पण बाबांच्या चपलेचा पट्टा लावायचा होता, तो खाली बसून लावला.

बाहेर बाकावर बसल्यावर विचारलं, “बाबा, खोटं कामून बोललात?”

त्यांना उत्तर द्यायला वेळ लागायचा. मी वाट बघितली, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, “तू चारचौघांत बोलून बसलीस. मागं कसं घ्यायचं? गावागावात तुझं नाव हाय. बायका ऐकतेत तुझं.”

“अन् तुमचं नाव?”

“माझं झालं की आता.”

मी तिथं, दवाखान्याच्या दारात, पेशंटांच्या गर्दीत मोठ्यानं रडले. बाबांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या दिवशी मी ठरवलं की येत्या रविवारी विहारात जायचं, उभं राहायचं आणि सांगायचं. बाबांना शेजारी बसवून सांगायचं.

त्या रविवारी नाही गेले. बाबांना गोळ्या नवीन सुरू झाल्या होत्या, मळमळत होतं. पुढच्या रविवारी सोमवारच्या पोषण आहार तपासणीची तयारी होती. मग उन्हाळा, त्यांना एवढा प्रवास कसा झेपणार? मग सणवार. कारणं सगळी खरी होती, म्हणून तर इतकी कामाला आली. वहिनीला फोनवर आजाराचं नाव सांगितलं, पण तुझंच बरोबर होतं असं तेवढं म्हणाले नाही. खरं काय ते सांगते: मला भीती वाटत होती. लोक म्हणतील, हीच ती बाई, जी बापाला ओढत घेऊन आली होती. बाप माझं नाव जपण्यासाठी दारूडा झाला आणि मी ते नाव मस्तपैकी वापरत राहिले. दारूबंदीच्या सभा चालूच होत्या. एकदा एका गावात एक माणूस पारावरून लटपटत येताना दिसला, बायका माझ्याकडे बघायला लागल्या, की आता म्याडम याला घेणार फैलावर. मी जवळ जाऊन विचारलं, “भाऊ, बरं वाटत नाही का?” तो प्यायलेलाच होता. बायका हसल्या. पण मी तेव्हापासून आधी विचारते.

बाबा आता माझ्याकडेच राहत होते आणि घरात मात्र मी शहाण्यासारखी वागले, निदान तसा प्रयत्न केला. गोळी दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळेला. लागू पडली की तासभर बाबा बरे चालायचे, अंगणात फेऱ्या मारायचे. उतरली की पुन्हा पुतळा. मी त्यांना घास भरवायचे, त्यांची दाढी करायचे. ते मधूनच विचारायचे, “वस्तीत आता कुणाचं लग्न हाय?” मी सांगायचे, अमक्याचं झालं, तमक्याचं ठरलंय. तेव्हा ते नीट ऐकायचे आणि ‘कुणी लावलं’ हे हमखास विचारायचे. त्या वेळी जरी त्यांना उचलून नांदेडला नेलं असतं, तरी माझी कबुली त्यांनी त्यांच्या कानांनी ऐकली असती. दोन वर्षं मी घालवली.

मग त्यांना कोपऱ्यात मांजर दिसायला लागलं. आमच्याकडे मांजर नाही. पुढं पुढं नावं विसरायला लागले, दिवस विसरायला लागले, मला कधी वहिनी समजायचे. डॉक्टर म्हणाला, या आजारात काही जणांना पुढं असं होतं. मी एवढंच विचारलं, किती वेळ आहे? त्याला वाटलं मी मरणाचं विचारतेय.

त्याच आठवड्यात रविवारी पहाटेच्या बसनं मी नांदेडला गेले. बाबांना नेण्यासारखं राहिलं नव्हतं, शेजारणीला बसवून गेले. विहारात वंदना झाली. मी उभी राहिले तशा दोन-तीन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बसमध्ये मी सगळं पाठ करत आले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. “माझे बाबा कधी प्यायले नाहीत. त्यांना मेंदूचा आजार होता. मी तुमच्यासमोर त्यांच्यावर घाण टाकली. मला माफ करा.” एवढंच. मग खाली बसले.

शेजारची म्हातारी, जिला आम्ही लहानपणापासून आत्या म्हणतो, ती भिंतीला टेकून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. ती म्हणाली, “हे सांगायला लातूरहून आलीस व्हय?”

“हो आत्या.”

“आगं, आम्हाला कुणाला खरं वाटलंच न्हवतं. चाळीस साल बघितलेला माणूस. आमच्या पोरांची लगनं लावली त्यानं. तुझ्या तोंडून ऐकलं अन् त्याच्या तोंडाकडं बघितलं, आजारी माणूस हाय हे आंधळीला दिसत होतं. मी बोलणार होते तर त्यानं मला हात केला, गप्प बस म्हणून. मागून आमच्या घरी येऊनबी सांगितलं त्यानं, पोरीला कुणी कायी बोलू नका, लई सोसलंय तिनं. तुला एकटीलाच खरं वाटलं, बाई.”

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा हात हातात घेऊन म्हटलं. आणि मग विचारलं, “अन् त्याला सांगितलंस का हे, माफ कर म्हणून?”

मी नाही म्हणाले. खरंच नव्हतं सांगितलं. दवाखान्याच्या दारात रडले होते, दोन वर्षं दाढी केली होती, गोळ्या दिल्या होत्या, पण चुकले असं तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं. वस्तीची माफी मागायला निघाले आणि ज्याची मागायची तो घरी खाटेवर पडलेला.

“मग जा की,” आत्या म्हणाली. “बसलीस काय?”

चहासुद्धा न घेता निघाले. दुपारी घरी पोचले. शेजारीण म्हणाली, आज बरे आहेत, गोळी लागू आहे, मला नावानं हाक मारली. मी देवाधर्माची बाई नाही, पण मला वाटलं, नशीब. बाबा उशीला टेकून बसले होते. मी खाली बसले, त्यांच्या पायांशी. म्हटलं, “बाबा, ओळखलंत का?”

“ओळखलं की. फौजदारीण.”

“बाबा, मी विहारात गेले होते. सगळ्यांना सांगितलं, तुम्ही कधी दारूला शिवला नाहीत. मी खोटा आरोप केला. चुकले बाबा मी. मला माफ करा.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. चेहरा हलत नव्हता, पण डोळे भरून आले. मग त्या बारीक आवाजात, एकेक शब्द शोधत म्हणाले, “असं कामून सांगितलंस? लई पीत होतो मी.”

“नाही बाबा. एक थेंबसुद्धा नाही.”

“बापाचं झाकू नको, माय. सगळ्यांनी बघितलंय. तू होतीस म्हणून सुटलो. विहारात नेऊन शील दिलंस तू मला.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, बाबा, ते सगळं मी रचलेलं होतं, ते औषध होतं, तुम्ही चाळीस वर्षं लग्नं लावलीत, आठवा. ते मान हलवत राहिले. त्यांना माझी कीव आली असावी, की ही पोर बापासाठी किती खोटं बोलते. मग ते रडायला लागले. तुझ्या आईला पिऊन लई मारलं म्हणाले, तिची माफी मागायची राहिलीय, तिला बोलाव.